आबांची बोट आणि कांद्याची लागण

पौषात निमोण्याला गेले की गाडीतून उतरतानाच कळतं, लागण चालू झालीय. वाफ्यांत सोडलेलं पाणी, भिजलेली माती आणि नुकती उपटलेली कांद्याची रोपं यांचा मिळून एक वास येतो. कांद्याचा म्हणून ओळखू येईल असा तो नसतो. कोवळा, गवतासारखा, आणि बऱ्याच वेळानं डोळ्यांत हलकेच चुरचुरणारा. टोळीतल्या बाया साड्या वर खोचून, वरून नवऱ्याचे जुने फुलशर्ट घालून, घोट्याएवढ्या पाण्यात एका ओळीत वाकलेल्या असतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. टोचत टोचत त्या मागे सरकतात. सकाळी नऊपर्यंत धुकं असतं. त्या धुक्यात त्यांचे पाय दिसत नाहीत, फक्त पाठी दिसतात.

मी दौंडला राहते, कुरकुंभच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. गुरुवारी सुट्टी असते म्हणून गुरुवारी माहेरी जाते. परवाच्या गुरुवारी गेले तर दत्ताने, म्हणजे माझ्या भावाने, विहिरीकडच्या तुकड्यात लागण लावलेली. मी बांधापर्यंत गेले आणि मागे फिरले. दोन वर्षं झाली, मला ती लागण उभं राहून बघवत नाही.

माझे वडील, आबा, नेव्हीत होते. निमोण्याच्या माणसानं नेव्हीत जावं हेच तेव्हा गावाला नवल होतं. घोडच्या धरणाएवढं पाणी म्हणजे पाण्याची हद्द, असं मानणारी माणसं आम्ही. अठराव्या वर्षी ते शिरूरहून निघाले आणि वीस-बावीस वर्षांनी नोकरी संपवून परत आले, ते थेट कांदा करायला. मधल्या वर्षांत ते आम्हाला वर्षातून एकदा, महिनाभर मिळायचे. त्या महिन्यात ते बोटीबद्दल इतकं बोलायचे की मला वाटायचं, बोट आमच्याच घरातली कुणीतरी आहे.

"आमची बोट धक्क्याला लागायची न्हाई," ते सांगायचे. "थेट वाळूत घुसायची."

मग दाखवायचे. आईची भाकरीची काटवट घेऊन गुरांच्या हौदात सोडायचे. आई आतून ओरडायची, त्यांच्या कानावर काही जायचं नाही. बुड सपाट, म्हणून उथळ पाण्यात चालते. आणि बुड सपाट, म्हणूनच लाटेत लई लोळते. पोटात रणगाडे, ट्रक, माणसं. किनारा आला की आधी मागचा नांगर दूर पाण्यात टाकायचा, त्याची जाड तार सोडत सोडत पुढं जायचं आणि तोंड वाळूत घालायचं. मग तोंडाची दारं उघडतात, फळी खाली पडते आणि माणसं कोरड्या पायांनी उतरतात. युद्धासाठी बांधलेलं जहाज ते. परत निघायचं तर इंजिन उलटं चालवायचं आणि मागं टाकलेल्या नांगराची तार गुंडाळत स्वतःला खेचून घ्यायचं. ती तार गुंडाळणाऱ्या यंत्राला विंच म्हणत, आणि विंचवर असायचे आबा.

"समद्या बोटीला वाळूतनं कोण वडायचं? तुझा बाप," ते म्हणायचे.

"आणि ओढता नाही आली तर?"

"ओहोटी लागायच्या आत निघायचं. पाणी उतरलं की बोट बसली वाळूत. मंग ती बोट न्हाई, पत्र्याचं घर."

आबांचा विसर कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. आधी चष्मा, मग मोटारीचं बटण, मग आमच्या गल्लीतली घरं. शिरूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढायला लावले आणि ते फोटो खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिले. माझं नाव गेलं ते दिवाळीत. मी ओवाळायला ताट घेऊन पुढं आले तर आबा सावरून बसले आणि म्हणाले, "तुम्ही कशाला तरास घेतला, बाई?" मला ते त्या दिवसापासून तुम्ही म्हणू लागले. माझ्या बापाच्या तोंडून मला आलेला तो आदर मी दौंडपर्यंत बसमध्ये घेऊन बसले होते.

त्याच पौषात ते पहिल्यांदा ओरडले.

लागण चालू होती. दत्ताने त्यांना उन्हाला म्हणून बांधावर खुर्चीत बसवलं होतं. टोळी पाण्यात वाकलेली. धुकं नुकतं उठत होतं. आबा एकदम उभे राहिले आणि दोन्ही हात हलवत बायांना हाका मारायला लागले.

"चढा! चढा लौकर! पानी उतराया लागलंय! दार लावत्यात!"

बाया आधी हसल्या. मग त्यांचा आवाज ऐकून गप्प झाल्या. मी धावत गेले, खांदे धरले. ते माझ्याकडे न बघता म्हणत होते, "सांगा त्यांना. माझं ऐकू जात न्हाई. इंजिनाचा आवाज हाय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, असं दत्ताने फोनवर सांगितलं. घरात बसवलं तर ते दाराला धडका द्यायचे, म्हणून पुन्हा बांधावर. टोळीची मुख्य शेवंतामावशी दत्ताला म्हणाली, "आम्हाला काय न्हाई, पर म्हाताऱ्याचा घसा फाटंल."

त्याच आठवड्यात पिल्लेकाकांचा फोन आला. ते आबांचे बोटीवरचे सोबती, केरळचे, नोकरीनंतर विशाखापट्टणलाच राहिलेले. बोट निवृत्त होणार होती. पाणी-वारा खाऊन तिची वर्षं भरली होती. सूर्यास्ताला तिचा झेंडा शेवटचा उतरवणार आणि जुन्या लोकांना बोलावलं होतं. "बेटी, उसको लेके आओ," पिल्लेकाका म्हणाले. "सब भूल गया होगा, जहाज नहीं भूलेगा."

मी ते वाक्य धरून बसले. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "न्या. पण फार आशा ठेवू नका." मी त्यातलं 'न्या' तेवढं ऐकलं. आई म्हणाली, "एवढ्या लांब नगं गं. वाटंत काय झालं तर?" दत्ताची लागण अर्धी राहिलेली, तो येऊ शकत नव्हता. मी रजा टाकली, आबांचा निळा कोट इस्त्री केला, त्याला पदकं लावली आणि दौंडहून आम्ही दोघं गाडीत बसलो. आबा खिडकीशी. भिगवणच्या पुढं उजनीचं पाणी दिसलं तेव्हा ते काचेला हात लावून म्हणाले, "आलं का?" मी म्हटलं, "उद्या." मला वाटलं, ओळख लागायला लागली. त्या प्रवासात मी किती मूर्खासारखी आनंदात होते. मी मनातल्या मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं, की येताना ते मला नावाने हाक मारतील आणि मी ते आईला फोनवर ऐकवीन.

बोट धक्क्याला बांधलेली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. काटवटीवरून मी मनात जी केली होती तिच्यापेक्षा लहान. नवा राखाडी रंग दिलेला, पण कडांना रंगाखालून तांबेरा फुगलेला. खुर्च्या मांडलेल्या, कोट घातलेली म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. पिल्लेकाकांनी आबांना मिठी मारली. आबांनी त्यांना नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

"आबा, ओळखलंत का?" मी बोटीकडं बोट दाखवून विचारलं.

त्यांनी नीट पाहिलं. टाळायचं म्हणून नव्हे, खरंच नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, "कुणाची हाय ही?"

"तुमचीच."

"न्हाई. आमची भाईर गेलीय. यायचीय अजून."

सूर्य खाली गेला, बिगुल वाजलं, सगळे उठून उभे राहिले. झेंडा हळूहळू खाली येत होता. कोट घातलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात कपाळाला गेले. काहींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आबांचा हात उठला नाही. पिल्लेकाका एका हाताने सलाम करत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांनी आबांचं कोपर धरलं होतं. आबा झेंड्याकडे न बघता मागे समुद्राकडे बघत होते, येणाऱ्या गाडीकडे स्टँडवर बघतात तसे.

नंतर पाहुण्यांना बोटीवर सोडलं. मागच्या बाजूला ते विंच होतं, तेलाने काळं पडलेलं. मी आबांचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांनी तारेवरून बोटं फिरवली, बोटं नाकाशी नेली.  ते म्हणाले, "गिरीस न्हाई लावलं." एवढंच. आणि मग कोटाला हात पुसून, "घरी जायचं का, बाई?"

धक्क्यामागच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना मी पिल्लेकाकांना बांधावरच्या ओरडण्याचं सांगितलं. सहज सांगितलं, आजारातलं एक लक्षण म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला.

"ये बोला उसने? दरवाज़ा बंद हो रहा है?"

मग त्यांनी सांगितलं. मी तान्ही असताना, एका वादळानंतर त्यांची बोट एका लहानशा बेटावर पाठवली होती, माणसं काढायला. धक्का वाहून गेलेला, म्हणून अशीच बोट हवी होती. सकाळच्या भरतीला ती वाळूत लागली. दारं उघडली. माणसं चढत होती, चढत होती. पोटात उभं राहायला जागा उरली नाही. पाणी उतरायला लागलं. अजून थांबलं तर बोट आतल्या सगळ्यांसकट वाळूत बसणार आणि वादळ पुन्हा वळणार असल्याची खबर आलेली. दारं लावायचा हुकूम झाला. तेव्हा पंचवीस-तीस माणसं अजून कमरेएवढ्या पाण्यातून येत होती. त्यांत एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन होती, एकाच्या पाठीवर म्हातारा होता. आबा विंचवर. त्यांना तार गुंडाळायची होती. त्यांनी ती गुंडाळली.

"उसका काम था, बेटी. नहीं खींचता तो सब मर जाते," पिल्लेकाका म्हणाले. "वो खींचता रहा और चिल्लाता रहा. मराठी में. वो लोग मराठी कहाँ समझते?"

"मग त्या लोकांचं काय झालं?"

"दूसरी बोट गई होगी."

"गेली का पण?"

पिल्लेकाकांनी बशीत सांडलेला चहा कपात ओतला. "मौसम दो दिन खराब था. फिर हमको दूसरी तरफ भेज दिया. पता नहीं, बेटी. किसी ने पूछा नहीं. मैंने भी नहीं पूछा."

म्हणजे त्या सगळ्या सुट्ट्यांमध्ये, हौदाशी बसून आम्हाला काटवट दाखवताना, हे त्यांच्या पोटात होतं. आम्ही हसत होतो, आई ओरडत होती आणि ते सांगत होते, समद्या बोटीला कोण वडायचं. मी मागे जाऊन जाऊन त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते. तो हसरा होता असंच मला आठवतं. माझी आठवण तरी कुठं धड आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पिल्लेकाकांनी फोनवर एक फोटो पाठवला. भंगारात काढलेली बोट भरतीच्या वेळी वाळूत घुसवून ठेवलेली आणि तिचा पुढचा भाग कापून काढलेला. आतला रणगाड्यांचा मजला उघडा पडला होता आणि त्यात दोन माणसं जेवत बसली होती. तो फोटो मी कुणालाच दाखवला नाही.

विशाखापट्टणहून आलो तेव्हा दत्ताची शेवटची दोन एकरं राहिली होती. आबा दुसऱ्याच सकाळी बांधावर उभे आणि हाका सुरू. मी शेवंतामावशीला सगळी हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतलं, तोंडावर पदर धरला. दुसऱ्या दिवशी आबा ओरडायला लागताच तिने हातातली जुडी वाफ्यात टाकली आणि बायांना म्हणाली, "चला गं." बारा-तेरा बाया चिखलाच्या पायांनी बांधावर चढल्या आणि आबांच्या भोवती उभ्या राहिल्या.

"चढलो बघा, आबा," शेवंतामावशी म्हणाली. "समद्या चढलो. लावा आता दार."

आबांनी एकेकीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा ताण सैल होताना मला दिसला. एकीच्या ओल्या बाहीला त्यांनी हात लावला. मग बायांच्या डोक्यांवरून त्यांची नजर पलीकडे गेली. वाफा रिकामा होता. अर्ध्यात टोचलेली रोपं, बाकी नुसतं पाणी.

"आन् ती?" ते म्हणाले.

"कोण, आबा?"

"ती काय. ती मागं ऱ्हायलेली."

शेवंतामावशी मागे वळून बघायला लागली, जणू खरंच कुणी असेल. मग ती रडायला लागली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. दत्ता म्हणाला, "कामाला लागा आता, बायांनो."

मला वाटलं, नाटक पुरणार नाही, बातमीच द्यावी लागेल. पक्की, तपशिलासकट. पुढच्या गुरुवारी मी तयारीने गेले. लागणीचा शेवटचा दिवस होता. मी आबांच्या खुर्चीशी बांधावर बसले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि लॅबमधला रिपोर्ट वाचावा तशा सरळ आवाजात सांगितलं.

"आबा, मी चौकशी केली. पिल्लेकाकांना विचारलं. ती माणसं वाचली. तुमच्या मागोमाग दुसरी बोट गेली होती. सगळ्यांना घेतलं तिनं. ती गाठोडंवाली बाई, तो म्हातारा, सगळे."

ते ऐकत होते. कितीतरी महिन्यांनी ते माझं बोलणं ऐकताना मी बघत होते. डोळे माझ्यावर ठरले होते.

"कवा गेली?"

"त्याच दिवशी. दुपारीच."

"किती वाजता?"

"दोनच्या सुमाराला."

 त्यांचे ओठ हलले, काहीतरी मोजत असल्यासारखे. मग त्यांनी माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले.

"दुपारी पुरी ओहोटी व्हती, सुनंदा," ते म्हणाले. "पानीच न्हवतं. बोट लागंल कशी?"

माझं नाव त्यांनी घेतलं ते असं. आवाजात राग नव्हता. लहानपणी माझं गणित चुकलं की पाटीवर बोट ठेवून सांगायचे, तसा आवाज.  नीट आठवत नसेल तुम्हाला, असं म्हणता आलं असतं. साऱ्या जगानं त्यांना तेच सांगितलं होतं. मला ते म्हणवलं नाही.  समोर बायांनी शेवटची ओळ टोचली, चारीतल्या पाण्यात हातपाय धुतले, डबे उचलले. शेवंतामावशी जाताना आबांना म्हणाली, "येते आबा." त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्या दिवसापासून ते ओरडले नाहीत. टोळी दुसऱ्या दिवशी मांडवगण फराट्याकडं गेली, वाफे हिरवे झाले, मग काढणी आली, पण आबा पुन्हा बांधावर गेलेच नाहीत. "आता वरडत न्हाईत, बरं झालं म्हणायचं," आई म्हणते आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवते. त्या पाण्यात मागं राहिलेल्या माणसांसाठी तेवढी हाक मारणारा एक माणूस जगात होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि त्याला पुरतं गप्प केलं.

परवा गेले तेव्हा ते पडवीत घोंगडं पांघरून बसले होते. बाहेर लागण चालू होती, बायांचं बोलणं ऐकू येत होतं. आबा आता कुणाशी भांडत नाहीत, कुठं जायचं म्हणत नाहीत, मला बाईही म्हणत नाहीत. काहीही विचारा, एकच उत्तर येतं.

"आबा, जेवलात?"

"व्हय."

"थंडी वाजते का?"

"व्हय."

"आबा, मी कोण?"

"व्हय," ते म्हणाले.